शेवंताबाईंचं नाक

शेवंताबाईंचा दिवस पावणेपाचला सुरू होई. घरात घड्याळ होतं, पण ते बघायची गरज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी दुधाची गाडी थांबे, माणूस क्रेट आपटे, त्या आवाजाला त्या उठत. खोलीच्या मागे भिंतीला गोणपाटाचा पडदा लावलेला. आत चार विटा. त्या विटांवर उभं राहून, अंगावरच्या साडीसकट, एका बादलीत आंघोळ. गल्ली जागी व्हायच्या आत उरकायची. साडेपाचला टँकर येई. दोन हंडे आणि दोन कॅन भरून घ्यायचे, भाकरी थापायच्या, डबा बांधायचा आणि साडेसातला कामाला निघायचं. दिल्लीतल्या बिंदापूरपासून शेजारच्या द्वारका वसाहतीतल्या एका सोसायटीपर्यंत चालत पस्तीस मिनिटं. मी चाळीस घ्यायचो.

मी तीन घरं सोडून राहत होतो. त्यांचा नवरा नरसिंह माझा जोडीदार. आम्ही दोघं नळाचं काम करणारे. मी कराडकडचा, तो देवगडकडचा. एकाच ठेकेदाराबरोबर दिल्लीत आलो. द्वारकेत तेव्हा नुसती माती आणि उभे राहणारे सांगाडे होते. त्या सोसायटीच्या सात मजल्यांना पाणी चढवणारे पाइप आमच्या हातचे आहेत. काम संपलं, ठेकेदार गेला. नरसिंहची पाठ गेली होती. त्याला गुडगावात एका गेटवर खुर्चीची नोकरी मिळाली. मला सोसायटीने देखभालीला ठेवून घेतलं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

शेवंताबाईंचं काम म्हणजे डोक्याला तेल लावून देणं आणि नंतर न्हाऊ घालणं. पण "तेल लावणं" म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"लावायला काय, कुणीही लावतं," त्या म्हणत. "मी जिरवते."

फरक मी एकदा नीट पाहिला. विनयाताईंच्या घरी गिझरची गळती काढत होतो आणि बाहेर त्यांचं डोकं चाललं होतं. विनयाताई पुण्याच्या. गुडगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. शेवंताबाई केसांत बोटाने रेघ पाडत, त्या रेघेत चार थेंब सोडत आणि तो भाग अंगठ्याने दाबून दाबून कोरडा करत. मग पुढची रेघ. पहिली रेघ कोरडी झाल्याशिवाय दुसरी नाही. एका डोक्यावर साधारण चाळीस रेघा. पंचवीस मिनिटं. शेवटी डोकं अजिबात चमकत नसे.

"चमकलं म्हणजे तेल वर राहिलं," त्या म्हणत. "वरचं तेल उशीला जातं."

दिवसाला सहा डोकी. रविवारी नऊ. पहिल्या दोन वर्षांत सोसायटीची लिफ्ट कधी असे, कधी नसे. सातव्या मजल्यापर्यंत एकशे एकोणीस पायऱ्या आहेत, त्या मी पाइप खांद्यावर घेऊन मोजल्या आहेत. मी दिवसाला चाळीस पाइपांच्या टोकांना आटे पाडलेला माणूस आहे. आटे पाडायचा डाय फिरवून फिरवून खांदा भरून येणं म्हणजे काय ते मला कळतं. अंगठ्याच्या जोरावर दिवसाला दोनशे चाळीस रेघा कोरड्या करणं मला जमलं नसतं.

सोसायटीत त्यांना कुणी शेवंताबाई म्हणत नसे. सगळे म्हणत जीरेवाली. त्याचं असं झालं. कामाला लागल्या तेव्हा बी ब्लॉकच्या सरलाजींनी विचारलं, "तुम तेल लगाती हो ना?" सरलाजी सोसायटीच्या महिला समितीच्या अध्यक्षा. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, मेरठकडच्या. शेवंताबाईंना हिंदी जेमतेम.

"लगाती नहीं जी," त्या म्हणाल्या, "तेल जिराती हूँ।"

"जीरा?"

"हां जी। जिराती।"

आठवडाभरात सगळ्या ब्लॉकला कळलं की एक मराठी बाई जिऱ्याचं तेल लावते. चार महिने शेवंताबाईंना पत्ता नाही. मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या हातात जिऱ्याची पुडी ठेवली. "आज हमारे घर का डालना।" शेवंताबाईंना वाटलं बाई भेट देते आहे. ती पुडी घेऊन त्या घरी आल्या. नरसिंहने पुढचा महिनाभर आमटीत ते जिरं खाल्लं आणि मला म्हणाला, "गुणवंता, माझी बायको दिल्लीत येऊन हकीम झाली बघ."

काम चांगलं चाललं होतं. ते कशासाठी चाललं होतं तेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवंताबाईंचे केस गुडघ्यापर्यंत. ते धुवायला अडीच बादल्या लागत. गोणपाटामागे, चिखलात, अंधारात, लुगडं सावरत ते होत नसे. महिन्यातून एकदा नरसिंह बाहेर पहाऱ्याला उभा राहायचा, तेव्हा कसंबसं. दिवसभर दुसऱ्यांचे केस टाइल्सच्या बाथरूममध्ये गरम पाण्याने धुवायचे आणि आपले असे. त्यांनी नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं, "मला एक न्हाणी पाहिजे. दार असलेली." त्यानंतर तो विषय काढला नाही. साठवायला लागल्या.

आता तेलाबद्दल.

ज्या घरी डोकं, त्या घरचंच तेल, असा त्यांचा नेम होता. स्वतःचं तेल घेऊन जात नसत. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास विनयाताईंनी माळा साफ करायला काढला. मी टाकीच्या फ्लोटसाठी वर चढलो होतो, मीच खोकं खाली दिलं. आत खोबरेल तेलाच्या बारा बाटल्या.

विनयाताईंनी कपाळाला हात लावला. "सासूबाईंनी पाठवल्या होत्या. दिल्लीत खोबरेल मिळत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. मी वर टाकून विसरूनच गेले." त्यांनी एक बाटली उलटी करून बुडावरचं छापील बघितलं. "गेली. जूनमध्येच डेट गेली सगळ्यांची. मावशी, जाताना कचऱ्यात टाकाल का?"

"टाकते. आधी बघते."

"काय बघणार? डेट गेली ना."

शेवंताबाई फरशीवर बसल्या. विनयाताईंच्या मुलीचं नाव पूर्वी. ती शाळेतून आली होती, शेजारी येऊन बसली. पूर्वी तेव्हा आठ वर्षांची. दिल्लीतच वाढलेली.

थंडी सुरू झाली होती, तेल थिजायला लागलं होतं. शेवंताबाईंनी गरम पाण्याचं पातेलं मागवलं. एकेक बाटली त्यात धरायची, एक थेंब डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचा, चोळायचा नाही, नुसता अंगाच्या उबेला ठेवायचा. मग तोंड दुसरीकडे वळवून थांबायचं. वीस आकडे मोजेपर्यंत. मग मनगट नाकाशी न्यायचं. एकदाच. दुसऱ्यांदा नाही. मग मनगट पुसायचं, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. शेवटी एक थेंब जिभेच्या शेंड्यावर. आणि पुन्हा थांबायचं.

"खवट तेल नाकाला उशिरा कळतं," त्या म्हणाल्या. "घशाला आधी कळतं. घसा धरतो."

"खवट म्हणजे?" पूर्वीने विचारलं. "एक्सपायर्ड?"

"नाही गं बाळा. एक्सपायर होतं ते बाटलीवर. खवट होतं ते आत."

बारा बाटल्यांना पाऊण तास लागला. मध्ये कुणी बोललं तर त्या ती बाटली पुन्हा पहिल्यापासून करत. त्यांचे वडील खोबरं वाळवून घाण्यावर नेत. लहानपणी पावसाआधी वाट्या निवडायचं काम त्यांच्याकडे असे. बुरशी न दिसता आतून गेलेली वाटी बाजूला काढायची. एक वाटी चुकली तर सगळा घाणा नासतो. आठ-नऊ वर्षांच्या वयात त्यांनी ते काम केलं होतं. त्यानंतर दिल्लीत येईपर्यंत त्या नाकाला काम नव्हतं, ते नुसतं चेहऱ्यावर होतं.

आठ बाटल्या उजवीकडे गेल्या. "ह्या केसांना चालतील. उन्हाळ्याच्या आत संपवा." एक बाटली मध्ये. "ही देवाला. दिव्यात जळेल, डोक्याला नको." तीन डावीकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, ह्या तुमच्या डायला."

पाइपाला आटे पाडताना डायवर तेल सोडावं लागतं, नाहीतर आटा फाटतो. मी जळकं इंजिन ऑइल वापरत असे. त्या दिवसापासून शेवंताबाईंचं खवट खोबरेल वापरायला लागलो. हाताला वास राहतो, पण आटा स्वच्छ निघतो.

सोसायटीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. ती विनयाताईंनीच पसरवली, कौतुकाने. मग लोकांच्या माळ्यांवरून बाटल्या उतरायला लागल्या. शेवंताबाई बघत, निवडत, लावायची ती लावत. तारीख गेलेलं तेल डोक्यांत जिरवत होत्या आणि कुणाला काही झालं नाही. नोव्हेंबर, डिसेंबर असे गेले.

जानेवारीत सरलाजींची सून शिवांगी हिच्या डोक्याला खाज सुटली. कानामागे लाल चट्टे उठले. आठ दिवसांपूर्वी शेवंताबाईंनी तिचं डोकं केलं होतं. खाज तेलानेच आली की बोअरच्या खाऱ्या पाण्याने, ते मी सांगू शकत नाही. पण बी ब्लॉकला खात्री होती. जीरेवाली एक्सपायर तेल लावते, मग दुसरं काय होणार? गेटवर शेवंताबाईंचा फोटोचा पास काढून घेतला. पास नाही म्हणजे आत येणं नाही. आत येणं नाही म्हणजे सहा डोकी नाहीत. न्हाणी नाही.

नरसिंह मला म्हणाला, "मी जाऊन हात जोडतो."

"कुणी हात जोडायचे नाहीत," आतून आवाज आला. "मी काय लावलं ते मला बघू द्या आधी."

हे मी सरलाजींच्या कानावर घातलं. त्या चिडलेल्या होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. शिक्षिका होत्या. त्यांनी परीक्षाच मांडली. सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर आठ सारख्या वाट्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी, घडी घालून. विनयाताईंकडच्या जुन्या तेलाच्या पाच, त्या सकाळी बाजारातून आणलेल्या नव्या बाटल्यांच्या दोन आणि आणखी एक. ती एक कुठली, ते सरलाजींनी कुणालाच सांगितलं नाही.

"बताओ," त्या म्हणाल्या. "कौन सा अच्छा, कौन सा खराब।"

खोलीत सात-आठ बायका होत्या. हीटर होता. शेवंताबाईंनी आधी हीटर बंद करायला लावला. मग गरम पाणी मागितलं. मग सगळ्यांना बोलू नका म्हणाल्या. विनयाताईंनी ते हिंदीत सांगितलं, जरा मऊ करून.

मनगट, वीस आकडे, नाक, फडकं, जीभ. पहिली वाटी, चांगलं. दुसरी, चांगलं. मी दाराशी उभा होतो, हातात पाना तसाच. सातव्या वाटीपर्यंत सात चांगली. आठवीला त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून केली. मग वाटी खाली ठेवली.

"हे आज सांगता येत नाही."

विनयाताई त्यांच्याकडे झुकल्या. "मावशी, काहीतरी एक सांगा. चांगलं म्हणा नाहीतर वाईट म्हणा."

"कसं म्हणू? मला सर्दी होती, दहा-बारा दिवस झाले. अजून नाक पुरतं उघडलं नाही. बाकीची सात घशाने सांगितली. ह्याला घसा धरतोय पण आणि नाही पण. नवीनच बिघडत असेल. उद्या पहाटे बघते, उपाशीपोटी, चहाच्या आधी."

बायकांत कुजबुज झाली. एक जण हसली. "टाइम ले रही है।" सरलाजींनी वाटीखालची चिठ्ठी उघडून एकट्याच वाचली, पुन्हा घडी घातली आणि वाटीखाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. वाटीवर त्यांनी ताटली झाकली आणि ऑफिसला कुलूप घातलं.

"कल सुबह छह बजे।"

मी पंचवीस-तीस वर्षं मिस्त्री लोकांत काढली. सांध्यातून पाणी येईल की नाही माहीत नसताना "पक्का आहे" म्हणणारे शेकड्याने बघितले. मीही म्हटलं आहे. एका "चांगलं"वर पास परत मिळणार असताना "सांगता येत नाही" म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं की गेटवरून ब्लॉक दिसत नव्हते. शेवंताबाई सहाला पाच मिनिटं असताना आल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या, ओठ सुकलेले. सरलाजी शाल गुंडाळून आल्या. विनयाताई आल्या, बरोबर पूर्वी, शाळेच्या गणवेशात. तिची बस साडेसहाची.

एकच वाटी. थेंब मनगटावर. तोंड वळवलं. वीस आकडे. नाक. मग जीभ. मग त्या थांबल्या, आणि एकदा खोकल्या. छोटासा खोकला, कुसळ अडकल्यासारखा.

"खवट," त्या म्हणाल्या. "नुकतंच. महिनाही झाला नाही."

सरलाजींनी चिठ्ठी उघडून टेबलावर ठेवली. ते त्यांच्याच घरचं तेल होतं. शिवांगीच्या डोक्याला लावलेल्या बाटलीतलं. बाटली त्यांनी शालीतून काढली. तारीख पुढच्या ऑगस्टची.

"ये तो ठीक होना चाहिए," सरलाजी हळूच म्हणाल्या.

शेवंताबाईंनी विचारलं, बाटली कुठे ठेवता. सरलाजींनी सांगितलं, गॅसच्या शेजारी, खिडकीत. तिथे दुपारचं ऊन येतं. झाकण हरवलंय, कागदाचा बोळा लावतो.

विनयाताईंनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं. मावशी, जिंकलात तुम्ही. जुनी सगळी चांगली आणि नवीनच..."

पण शेवंताबाई बाटलीकडे बघत होत्या.

"मग चूक माझीच," त्या म्हणाल्या.

"मावशी, आता गप्प बसा."

"नाही, सांगा त्यांना. त्या दिवशी मला सर्दी होती. नाक बंद. मला वासच येत नव्हता. मी बाटली उलटी केली, तारीख वाचली, पुढची होती, लावलं. आजपर्यंत कधी तारखेवर तेल लावलं नाही. त्या दिवशी लावलं. सांगा."

"मी नाही सांगणार," विनयाताई म्हणाल्या. "पास मिळू दे आधी."

सरलाजी एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. "क्या कह रही है?"

कुणी बोललं नाही. मीही नाही. मला हिंदी चांगली येत होती.

मग पूर्वी बोलली. तिला वाटलं कुणाला हिंदी शब्द सुचत नाहीत. "आंटी, मौसी कह रही हैं उनकी गलती है। उनको जुकाम था। उन्होंने सूँघा नहीं, डेट पढ़ के लगा दिया। पर तेल खवट था।"

"क्या था?"

"खवट।"

"मतलब एक्सपायर्ड?"

"नहीं आंटी। एक्सपायर्ड नहीं। खवट।" तिला दुसरा शब्द माहीत नव्हता. तिने घशाला हात लावून दाखवलं.

सरलाजींनी त्या वाटीतला थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. थांबल्या. मग त्या खोकल्या.

बाहेर पूर्वीच्या बसचा हॉर्न वाजला. विनयाताई तिला घेऊन गेल्या. सरलाजींनी ड्रॉवर उघडला, पास काढला, पण लगेच दिला नाही. हातात धरून म्हणाल्या, "जुकाम हो, तो मत आना।"

"नहीं आऊँगी जी," शेवंताबाई म्हणाल्या.

पास मिळाला. मला वाटलं, बोलण्याची गोष्ट, बोलून झाली. पण त्यांनी ते अक्षरशः पाळलं. दिल्लीचा हिवाळा सगळ्यांना ठाऊक आहे. धूर, धुकं, सकाळी गार पाण्याची आंघोळ. वर्षातून तीन-चारदा सर्दी ठरलेली. पहाटे उठल्यावर त्या खोबऱ्याचा एक तुकडा हुंगत. वास आला तर कामाला. नाही आला तर मला दारातून सांगत, "भाऊ, आज माझं नाक नाही. सहा घरी निरोप द्या." आणि घरी बसत. त्या दिवसाचं एका डोक्याचंही मिळत नसे. शेजारणी म्हणत, अगं, तेल तेच, घर तेच, बाटली कालच बघितलीस, काय होतंय? त्या म्हणत, "कालचं काल."

नरसिंहने एकदा हिशेब काढला. चार हिवाळ्यांत अठ्ठावन्न दिवस. "अठ्ठावन्न दिवस बायकोच्या नाकाने खाल्ले, गुणवंता," तो म्हणाला. "न्हाणीच्या दोन भिंती शिंकून टाकल्या हिने."

"शिंकले नाही," आतून उत्तर आलं. "शिंक आली असती तर नाक मोकळं झालं असतं."

बी ब्लॉकमध्ये मात्र एक झालं. पंजाबी, मेरठच्या, बिहारच्या बायका बाटली पुढे करून म्हणायला लागल्या, "देखना जरा, खवट तो नहीं?" जीरेवाली हे नाव राहिलंच. पण तारीख बघणं बंद झालं. आणि शिवांगीच्या डोक्याला पुढे चार वर्षं शेवंताबाईंचाच हात लागला. ती दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देत नसे.

मेट्रो द्वारकेपर्यंत आली त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याची लाइन पडली. शेवंताबाईंनी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला. खोलीच्या मागे, गोणपाटाच्या जागी. चार फूट बाय साडेतीन. आत कोट्याची फरशी, उताराची, कोपऱ्यात गटाराचं तोंड. भिंती छातीपर्यंत सिमेंट घोटून गुळगुळीत. पत्र्याचं दार.

नळ मी जोडला. त्या म्हणाल्या, "भाऊ, दिवसाचा रोज घ्यायचा. नाहीतर पाइप कापू नका."

"वहिनी, नरसिंहच्या घरचं काम आणि रोज?"

"तुम्ही चार आटे पाडणार, त्याला खांदा दुखणार. दुखणार की नाही?"

दुखणार होता. मी रोज घेतला.

पाइप मीटरपासून न्हाणीपर्यंत बावीस फूट. दोन तुकडे, एक एल्बो, एक सॉकेट, एक नळ. मी कपाटातून बाटली काढली. त्या बारांतल्या, डावीकडे काढलेल्या तीन खवट बाटल्यांपैकी शेवटची, मी जपून ठेवलेली. थंडीने तेल दगड झालं होतं. त्यांनीच ते गरम पाण्यात धरलं, वितळवलं, आणि माझ्या डायवर एकेक थेंब सोडत बसल्या. रेघ पाडावी तसा. आटा स्वच्छ निघाला. सांधा गळू नये म्हणून सफेदा लावला, सुतळी गुंडाळली, पाना फिरवला. पाणी सोडलं. चारही सांध्यांवर मी कोरडं बोट फिरवलं. कोरडंच राहिलं.

त्या दिवशी दुपारी विनयाताई पूर्वीला घेऊन आल्या. पूर्वी बारा-तेरा वर्षांची झाली होती. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, बसा. आज मी जिरवते." शेवंताबाई उंबऱ्यावर बसल्या. पहिल्या तीन रेघांना त्यांनी तिला तीनदा थांबवलं. "अंगठा. बोट नाही, अंगठा." चौथ्या रेघेपासून गप्प बसल्या. पाऊण तास लागला. डोकं थोडं चमकत होतं. त्यांनी केसांवर हात फिरवला, पदराला बोटं पुसली आणि उठल्या.

मग स्टोव्हवर दोन बादल्या पाणी तापवलं. तिसरी गार. त्या आत गेल्या आणि दार लावलं.

आम्ही बाहेर बसलो होतो. पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. ऊन कलायला लागलं. गल्लीतून लोक जात-येत होते. नरसिंह पहाऱ्याला उभा राहिला होता, सवयीने, पाठ वाकवून. मग त्याच्या लक्षात आलं की उभं राहायचं कारण नाही. तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"गुणवंता," तो थोड्या वेळाने म्हणाला, "आत पाणी संपलं की बायको?"

"अजून केस धुवून झाले नाहीत," आतून आवाज आला. घाई नसलेला आवाज. "बसा बाहेर."

आम्ही बसलो. सहा वर्षं, दिवसाला सहा डोकी, एकशे एकोणीस पायऱ्या, अठ्ठावन्न दिवस नाकाने खाल्लेले. त्यातून साडेतीन बाय चार फूट जागा आली, एक नळ आला, आणि आतून लागणारी एक कडी आली. ती त्यांनी लावली होती. नरसिंहने बाहेरून दार ढकलून बघितलं, हललं नाही.